'नाही' कुणाच्या वाट्याला?

दिवाळीच्या आधीचा शनिवार. मुलं झोपली की रात्री नऊ ते बारा, असे तीन तास माझे. भाजणी सासूबाईंनी पार्सलने पाठवलेली असते, रवा-खोबरं भारतीय दुकानातून आणलेलं असतं, तेलाचा डबा भरलेला असतो. तरीही यादीतलं सगळं होणार नाही, हे मला आधीच ठाऊक असतं. सामान पुरतं, तास पुरत नाहीत. सोऱ्या हातात घेतला की करंज्या राहतात आणि करंज्यांच्या पाऱ्या लाटायला बसले की चकल्या राहतात. नवरा मदतीला येतो, पण त्याला सोऱ्या फिरवता येतो, करंजीला मुरड घालता येत नाही. त्याला चकल्यांवरून उठवून करंज्यांवर बसवलं, तर पंचवीस चकल्या कमी होतात आणि करंज्या वाढतात फक्त तीन. त्याही तेलात उघडणाऱ्या!

इंग्लंडला येण्याआधी मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. हीच गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. उभ्या रेघेवर बंदुका, आडव्या रेघेवर धान्य आणि दोन्हींना जोडणारी, बाहेरच्या बाजूला फुगलेली एक वक्ररेषा. तिचं नाव उत्पादन शक्यता वक्र. देशाकडे जमीन, माणसं, यंत्रं ठरावीकच असतात. बंदुका वाढवल्या की धान्य घटतं आणि जसजशा बंदुका वाढवत जाल, तसतशी प्रत्येक पुढची बंदूक जास्त धान्य खाते. कारण नांगर धरणाऱ्या माणसाला रातोरात लेथवर उभं करता येत नाही. माझ्या नवऱ्याच्या करंज्यांसारखंच. लायोनेल रॉबिन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३२ साली अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, ती मुलांना पाठच असायची: गरजा अमर्याद, साधनं मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग अनेक. एक गोष्ट निवडली की जी दुसरी सोडावी लागते, ती सोडलेली गोष्ट हीच पहिलीची खरी किंमत. पुस्तकात तिला संधी खर्च म्हणतात. चार मार्कांचा हमखास प्रश्न. मुलं लिहायची आणि मी बरोबरची खूण करायचे.

त्या वक्रावर माणसं उभी असतात, हे मात्र मला गेल्या वर्षी कळलं.

पत्र

सात वर्षांपूर्वी मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले, तेव्हा लेक अकरा महिन्यांची होती. नोव्हेंबर महिना होता. दुपारी चार वाजता अंधार व्हायचा आणि नवरा साडेसहाला घरी यायचा. दिवसभरात कुणाशी बोलायचं असेल तर दुकानातल्या मशीनशी! अशात कुणीतरी सांगितलं, की कोपऱ्यावरच्या लायब्ररीत सोमवारी सकाळी लहान बाळांची गाणी असतात. पैसे पडत नाहीत. गेले. पिकलेल्या केसांच्या एक बाई होत्या तिथे. त्यांनी लेकीचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं. पुढचे कित्येक महिने त्या सोमवारच्या अर्ध्या तासावर मी आठवडा काढला. माझी इथली पहिली मैत्रीण तिथे भेटली. इंग्रजी बोलायची भीडही तिथेच चेपली. तुमच्यापैकी ज्या बायका अशाच आल्या, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या कौन्सिलचं पत्र आलं. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तूट आहे, म्हणून खालील प्रस्तावांवर नागरिकांचं मत हवं आहे. आमची लायब्ररी बंद करणं, बागेच्या कचऱ्याच्या डब्याला वेगळे पैसे घेणं, मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे मंद करणं, वृद्धांची दोन दिवसकेंद्रं एकत्र करणं, असे आठ प्रस्ताव होते. त्यांना तुमच्या पसंतीनुसार एक ते आठ क्रमांक द्या. जन्मभर प्रश्नपत्रिका काढलेली मी, तो कागद समोर घेऊन बसले आणि लायब्ररीपुढे 'आठ' लिहून बाकीचे रकाने कोरे ठेवले. मग सह्यांच्या मोहिमेत सामील झाले.

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं. मी तिळगुळाच्या वाटीशेजारी सह्यांचा कागद ठेवला. बायकांनी भराभर सह्या केल्या. आमच्या एक ताई आहेत, मंडळात सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्यांच्याकडे कागद सरकवत मी म्हटलं, "ताई, सही करा ना. लायब्ररी वाचवायचीय."

त्यांनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "अगं, करते की सही. पण एक विचारू? हे पैसे त्यांनी कुठून आणायचे, ते कुठे लिहिलंयस तू?"

मला उत्तर सुचेना. ताईंचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला. त्याची विशेष शाळा चाळीस मिनिटांवर आहे आणि रोज सकाळी कौन्सिलची टॅक्सी त्याला न्यायला येते. अनोळखी माणसं, गर्दी, आवाज त्याला सहन होत नाहीत. "त्या यादीत तिसऱ्या नंबरवर तुझी लायब्ररी आहे," ताई म्हणाल्या, "आणि पाचव्या नंबरवर माझ्या पोराची टॅक्सी. वाचलंस का? तिसरं वाचवलं, की पाचवं वर सरकतं."

एवढं बोलून त्यांनी सही केली आणि पेन मला परत दिलं. हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला. रागावल्या नव्हत्या. पण मी यादी पूर्ण वाचलीच नव्हती, आणि ते त्यांना कळलं होतं.

शंभरातला एक पौंड

घरी येऊन मी कौन्सिलचे आकडे काढून बसले. शिकवायची सोडली तरी खोड जात नाही.

इथल्या कौन्सिलची गंमत अशी, की लंडनच्या सरकारला कर्ज काढून तूट भरता येते, कौन्सिलला ती मुभा नाही. रोजच्या खर्चाचा अर्थसंकल्प कायद्याने जुळवावाच लागतो. नाहीच जुळला, तर १९८८च्या स्थानिक वित्त कायद्याच्या ११४व्या कलमाखाली मुख्य वित्त अधिकाऱ्याला नोटीस काढावी लागते आणि नवा खर्च थांबतो. २०१८मध्ये नॉर्थॅम्प्टनशरवर ती वेळ आली, २०२०मध्ये क्रॉयडनवर, आणि सप्टेंबर २०२३मध्ये बर्मिंगहॅमवर. एवढं मोठं शहर, पण त्याचाही हिशोब जुळेना. बरं, कौन्सिल टॅक्स वाढवावा म्हटलं, तर आमच्यासारख्या कौन्सिलला पाच टक्के किंवा त्याहून जास्त वाढ करायची असेल तर सार्वमत घ्यावं लागतं. त्यामुळे बहुतेक कौन्सिलं ४.९९ टक्क्यांवर येऊन थांबतात. आपल्याकडे बाटाच्या चपलेची किंमत असायची, तसं.

मग उरतं ते वाटप. सामाजिक सेवांची जबाबदारी असलेल्या कौन्सिलांचा निम्म्याहून बराच जास्त पैसा वृद्ध, अपंग आणि निराधार मुलांच्या देखभालीवर जातो. ते कायद्याने बांधलेलं आहे आणि माणसांचं आयुर्मान वाढलं की ते वाढतच जातं. लायब्ररीवर शंभरातला जेमतेम एखादा पौंड जातो. लायब्ररी चालवणंही १९६४च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण किती आणि किती वेळ उघड्या, हे कायद्यात आकड्यांनी लिहिलेलं नाही. म्हणून कात्री तिथे लागते. मोठा खर्च कुलपात असतो, लहान खर्च उघड्यावर असतो आणि हात उघड्या गोष्टीवरच पडतो.

कुणी दुष्ट नाही, कुणी पैसे खात नाही, तरीही कुणाला तरी 'नाही' म्हणावंच लागतं. टंचाई म्हणजे हेच. पण ते 'नाही' कुणाच्या वाट्याला घालायचं, हे माणसंच ठरवतात. मग मला वाटलं, याआधी कुणी कसं ठरवलं ते तरी बघू. पुस्तकं अर्थातच त्याच लायब्ररीतून आणली.

सगळ्यांना सारखं

पहिली गोष्ट रेशनची. हा शब्द आपण मराठीत इतका मुरवलाय, की तो इंग्रजी आहे हे विसरलो. मुंबईत तो दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली आला आणि पुढे रॉकेलच्या रांगेपर्यंत टिकला. ब्रिटनमध्ये तो जानेवारी १९४० मध्ये सुरू झाला: आधी लोणी, साखर आणि बेकन, मग मांस, चहा, चीज, कपडे.

प्रश्न पैशांचा नव्हता, जहाजांचा होता. ब्रिटन निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून आणत असे आणि जहाज एकच असलं तर त्यात गहू भरायचा की युद्धाचं सामान, हा हिशोब होता. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे तो रोज अवघड होत होता. सरकारला किमती वाढू देता आल्या असत्या. ज्याच्याकडे पैसा, त्याला लोणी. ते केलं नाही. आठवड्याला माणशी साधारण सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि पन्नास-साठ ग्रॅम लोणी, मग तुम्ही गिरणीत असा की हवेलीत. राजघराण्यालाही रेशनची पुस्तिका होती. मात्र 'सारखं' याचा अर्थ डोळे मिटून सारखं असा नव्हता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना जास्त दूध मिळे, संत्र्याचा रस मिळे. आणि शाकाहारी माणसाला मांसाऐवजी जास्त चीज! हे वाचून मला फार बरं वाटलं.

युद्ध संपलं १९४५ साली, पण टंचाई संपली नाही. उलट युद्धात कधी नव्हतं ते, पावाचं रेशनिंग, जुलै १९४६ मध्ये सुरू झालं आणि दोन वर्षं चाललं. जगातच धान्य कमी होतं, ब्रिटनकडे डॉलर नव्हते आणि हरलेल्या जर्मनीतल्या आपल्या ताब्यातल्या लोकांनाही खायला घालायचं होतं. शेवटचं, मांसाचं रेशन उठलं ४ जुलै १९५४ला. चौदा वर्षं. लोक कुरकुरले, काळाबाजारही झाला. पण 'नाही' सगळ्यांच्या ताटात होतं, म्हणून ते गिळलं गेलं.

चष्मा की तोफ

दुसरी गोष्ट चष्म्याची. लेकीला सहाव्या वर्षी चष्मा लागला. इथे सोळा वर्षांखालच्या मुलांची डोळ्यांची तपासणी फुकट होते आणि चष्म्यासाठी व्हाउचर मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण मोठ्यांचं काय, याच्यामागे एक मोठं भांडण आहे, ते मला माहीत नव्हतं.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डॉक्टर, दवाखाना, औषध, कवळी, चष्मा, सगळं फुकट. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचे पुत्र आणि स्वतःही कोवळ्या वयात खाणीत उतरलेले. वर्षानुवर्षं दुकानातून उचललेला कसलातरी चष्मा वापरणारी माणसं रांगा लावून आली आणि खर्चाचे सगळे अंदाज कोसळले.

मग जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. अमेरिकेबरोबर उभं राहायचं म्हणून ब्रिटनने शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम आखला आणि जानेवारी १९५१ मध्ये तो तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांपर्यंत वाढवला. अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल हे कधीकाळी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे. १० एप्रिल १९५१च्या अर्थसंकल्पात त्यांनी कवळी आणि चष्म्याची साधारण निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचं ठरवलं. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. ४७० कोटींपुढे १ कोटी ३० लाख! पंतप्रधान ॲटली त्या वेळी पोटाच्या अल्सरने रुग्णालयात होते. २२ एप्रिलला बेव्हन यांनी राजीनामा दिला. व्यापारमंत्री हॅरल्ड विल्सनही बाहेर पडले. पुढे हेच विल्सन पंतप्रधान झाले.

शिक्षिका म्हणून मला सगळ्यात भावला तो त्यांचा दुसरा मुद्दा. चष्म्याचा मुद्दा तत्त्वाचा होता, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बेव्हन आणि विल्सन असंही म्हणत होते, की हे ४७० कोटी खर्चच होऊ शकणार नाहीत. पैसे कागदावर मंजूर करता येतात, पण रणगाडा पोलादाचा लागतो. पोलाद, गंधक, यंत्रं बनवणारी यंत्रं आणि ती चालवणारे कुशल हात तेवढेच होते. तेच हात मोटारी आणि यंत्रं बनवून परदेशी विकत होते, त्यातून येणाऱ्या परकीय चलनावर देशाचं धान्य येत होतं. कारागीर रणगाड्याकडे वळवला की निर्यात घटणार, निर्यात घटली की धान्याला चलन नाही. माझ्या फळ्यावरचा वक्र तो, बंदुका आणि धान्य! फरक इतकाच, की इथे दोन मंत्री त्यापायी खुर्ची सोडून गेले.

आणि झालंही तसंच. ऑक्टोबर १९५१ मध्ये चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांच्याच सरकारने तो कार्यक्रम जास्त वर्षांवर लांबवला. रणगाडे थांबू शकले, चष्म्याचं शुल्क मात्र राहिलं. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे २०२५ साली आपण ९ पौंड ९० पेन्स देत होतो, तेही शुल्क १९५२पासून मधली थोडी वर्षं सोडली तर चालूच आहे. गेट्स्केल दुष्ट नव्हते, त्यांनाही कुठूनतरी जुळवायचं होतं. पण त्या वेळी 'नाही' गेलं ते ज्यांची नजर कमी झाली होती आणि दात पडले होते, त्यांच्या वाट्याला. तिथे ते सहज जाऊ शकलं म्हणून गेलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती गोष्ट पुन्हा घडताना पाहिली. संरक्षणाचा खर्च २०२७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, असं सरकारने जाहीर केलं आणि त्यासाठी गरीब देशांना द्यायची मदत ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायची ठरवली. विकास मंत्री ॲनेलीज डॉड्स यांनी तीन दिवसांत राजीनामा दिला. या वेळी 'नाही' इतकं दूर गेलं, की ज्यांना ते मिळालं त्यांचं इथे मतही नाही.

फेब्रुवारीतले तीनशे रुपये

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. माझी आजी माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात तिने खडी फोडली. लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, या दोन गोष्टी ती शेवटपर्यंत सांगायची. पुढेही सरकारी कामावर ती जात राहिली. गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर तिच्या पाट्यांची माती आहे.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. २००५ साली देशभरासाठी जो कायदा झाला, त्याला हाच अनुभव पाठीशी होता. पण मला नेहमी आश्चर्य वाटतं ते यातल्या पैशांच्या बाजूचं. इतक्या लोकांना मजुरी द्यायला सरकारजवळ वेगळा खजिना नव्हता. मग १९७५ साली व्यवसाय कर आला, इतरही काही करांतून वाटा आला आणि जेवढा निधी करांतून जमेल, तेवढाच सरकारने आपला घालायचा, असं ठरलं. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या खिशातून माणच्या, जतच्या मजुराची मजुरी.

माझ्या पगारपत्रकावर तो कर असायचा. महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार, कारण राज्यघटनेने त्याच्यावर घातलेली मर्यादाच तेवढी आहे. तुमच्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रात नोकरी केली, त्यांनी तो आकडा नक्की पाहिला असेल आणि फेब्रुवारीत शंभर जास्त का कापले म्हणून कुरकुरही केली असेल. मी केली होती. स्टाफरूममध्ये बसून, अर्थशास्त्राची शिक्षिका असून! आजीच्या पाटीचा आणि माझ्या दोनशे रुपयांचा संबंध मला एम.ए. होईपर्यंत, आणि नंतरही कित्येक वर्षं, जोडता आला नव्हता.

योजनेत गैरप्रकार झाले नाहीत असं नाही. पण 'नाही' वाटण्याची ती एक वेगळी रीत होती. ज्यांना थोडं झेपतं, त्यांच्याकडून थोडं थोडं घ्यायचं. आणि ज्यांच्याकडून घेतलं, ते शिकलेले, आवाज असलेले, वर्तमानपत्रात पत्र लिहू शकणारे लोक होते. त्यांच्या वाट्याला 'नाही' घालायला हिंमत लागते.

तीन मिनिटं

फेब्रुवारीच्या शेवटी कौन्सिलची सभा झाली. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. मी आधी लिहून ठेवलेलं भाषण लेकीच्या सोमवारच्या गाण्यांबद्दल होतं. ते मी बदललं. गाण्यांबद्दल बोललेच, पण मग म्हटलं, की तुमच्या कागदात प्रत्येक प्रस्तावापुढे किती पैसे वाचतील ते आहे, कुणाचं काय जाईल ते नाही. तेही लिहा. आणि आम्हाला आठ वस्तूंना क्रमांक द्यायला लावू नका, कारण मी आठ दिला तर दुसऱ्या कुणाचातरी एक येतो आणि तो माणूस कोण, हे मला कागदावर दिसत नाही. टॅक्स थोडा वाढला तर मी देईन, हेही सांगितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हुंकार दिला. तो पाठिंब्याचा नव्हता. त्या गृहस्थांचं पेन्शन ठरावीक असेल, कोण जाणे. त्यांचंही काहीतरी जाणारच होतं.

निर्णय असा झाला. टॅक्स ४.९९ टक्क्यांनी वाढला. लायब्ररी बंद झाली नाही, पण सहाऐवजी तीन दिवस उघडी राहते आणि त्यातला एक दिवस स्वयंसेवकांवर चालतो. ताईंच्या मुलाची टॅक्सी गेली, त्याऐवजी आणखी दोन मुलांबरोबर मिनीबस आली. ती पस्तीस मिनिटं आधी येते. पहिले दोन महिने तो रोज दारात रडायचा. आता बसतो, कानावर हेडफोन लावून. दिवे मंद झाले. बागेच्या डब्याला पैसे पडतात.

ही बातमी मी आनंदाने सगळ्यांना कळवली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बघ, स्वयंसेवक आले की फुकटात काम होतं." फुकट काही नसतं. त्या पिकलेल्या केसांच्या बाईंनी मेमध्ये नोकरी सोडली. त्यांच्या तासांचा पगार वाचला, म्हणूनच आमची लायब्ररी वाचली. शेवटच्या सोमवारी त्या भेटल्या तेव्हा मी त्यांना काय म्हणणार होते? लेकीने त्यांना स्वतः काढलेलं चित्र दिलं.

आता बुधवारी दहा ते एक मी तिथे असते. पुस्तकं लावते, फोटोकॉपीच्या मशीनमधला अडकलेला कागद काढते. महिन्यापूर्वी ढकलगाडीत बाळ घेऊन एक मुलगी आली. दारातच घुटमळत होती. गळ्यात मंगळसूत्र दिसलं म्हणून मी मराठीतच विचारलं, "या ना आत, थंडी आहे. बाळाचं नाव काय?" ती इतकी दचकली, की आधी हसली आणि मग तिचे डोळे भरले. सोमवारची गाणी आता होत नाहीत, हे मला तिला सांगावं लागलं. बुधवारी मी असते, एवढं मात्र सांगितलं.

या दिवाळीला मी सगळं करायचा हट्ट सोडला आहे. ताईंच्या करंज्या सुरेख होतात आणि त्यांच्याकडे सोऱ्या नाही. चकल्या मी दोन घरांच्या करीन, करंज्या त्या दोन घरांच्या करतील. नवरा सोऱ्या फिरवेल. वाटून घेतलं की दोघींनाही थोडं जास्त मिळतं, हेही अर्थशास्त्रातच आहे. तरी अनारसे होणार नाहीत. तीन तासांत नाहीच होत.